जिवंत माणसाचं मेज

माझा भाऊ कासिमिरो सत्तेचाळीस वर्षं जगभर फिरून फेब्रुवारीत घरी परतला आणि मार्चपासून त्याने आमच्या गावाची अब्रू काढायला सुरुवात केली. मधला एक महिना वाया गेला तो टंकलेखन यंत्राची फीत मिळेना म्हणून. फीतही शेवटी मीच शोधून दिली. नोटरीच्या कचेरीत चाळीस वर्षं बोटं बडवली आहेत मी, फीत कुणाच्या कपाटात पडून असेल हे मला ठाऊक होतं. तेव्हा पापाची धनीण मीच.

आमच्या सुक्रेत रविवारी एक चार पानी साप्ताहिक निघतं. दोन पानं मृत्यूच्या बातम्या, एक पान जाहिराती, आणि चौथ्या पानाचं काय करायचं हा संपादकापुढचा कायमचा प्रश्न. कासिमिरो गेला आणि म्हणाला, मी लिहितो. संपादक हो म्हणाला. आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, हे कासिमिरो एवढ्या वर्षांत विसरून गेला होता. त्याला वाटलं आपली योग्यता ओळखली. सदराचं नाव त्यानेच ठेवलं, 'निवृत्त प्रवाशाची टिपणं'.

पहिल्याच टिपणात त्याने लिहिलं की दुपारी बारा ते तीन या शहरात मरायचीसुद्धा सोय नाही, कारण शवपेटीवाला झोपलेला असतो. दुसऱ्यात लिहिलं की आम्ही स्वतःला राजधानी म्हणवतो, पण सरकार केव्हाच उठून ला पासला गेलं आणि ही बातमी अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही. तिसरं घरांना दर वर्षी पांढरा रंग देण्यावर होतं: आतली माणसं बदलता येत नाहीत म्हणून ही मंडळी भिंती बदलतात. चौथ्यात डायनोसॉर आले. सिमेंटच्या कारखान्यामागच्या कड्यावर त्यांची पावलं उमटलेली आहेत, त्यावर गावाला भारी अभिमान. कासिमिरोचं म्हणणं, शहाणी जनावरं होती ती. एकदा आली, गाव बघितलं, आणि न थांबता पुढे गेली.

डायनोसॉरवर मी हसले, खोटं कशाला सांगू. बाकीच्यावर नाही.

कारण हा टीका करणारा कोण, तर बोटीवरचा स्वयंपाकी. एकोणिसाव्या वर्षी ज्या देशाला समुद्र नाही त्या देशातून उठून आरिकाच्या बंदरात गेला, भांडी घासायला लागला, मग आचारी झाला. जगभर फिरला म्हणजे काय, जगभर कांदे सोलले. मार्सेयबद्दल विचारा, तिथले बटाटे पाणचट. सिंगापूरबद्दल विचारा, तिथे मुदपाकखान्यात पंखा होता. बंदराला बोट लागली की बाकीचे उतरून शहर बघणार आणि आचारी धान्याची पोती मोजून घेणार, हे मला त्यानेच सांगितलं, बोलता बोलता, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. अशा माणसाने आमच्या प्लाझातल्या, म्हणजे चौकातल्या, बाकांवर बसून नाक मुरडायचं. तेही बसून बसून पँट झिजेपर्यंत.

गल्ली मात्र त्याच्याशी सोन्यासारखी वागत होती. औषधांच्या दुकानातल्या दॉन वाल्टरनी दुपारच्या झोपेवरचं टिपण कापून दुकानाच्या काचेवर चिकटवलं, बरोब्बर बारा ते तीन बंदच्या पाटीखाली. बेकरीवाल्या निएवेसबाई, म्हणजे आमच्या दोन्या निएवेस, त्याच्यासाठी दोन साल्तेन्या बाजूला काढून ठेवायच्या. साल्तेन्या म्हणजे रश्शाने भरलेली भाजकी करंजी, ती सकाळी अकरापर्यंत संपते आणि संपली की उद्या. कासिमिरोने यावरही लिहिलं होतं. तरी त्या ठेवायच्या, आणि वर म्हणायच्या, "किती सुरेख लिहिता हो, दॉन कासिमिरो." हा घरी येऊन मला सांगायचा की या गावातल्या लोकांना टोमणासुद्धा कळत नाही, मेंदूला चुना लावलाय.

टोमणे सगळ्यांना कळत होते. लोक गप्प बसत होते त्याचं कारण निराळं होतं. त्या गल्लीतल्या प्रत्येकाने कासिमिरोच्या नावाचा पाव खाल्लेला होता.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की पुढची तीन वर्षं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला त्याच्यासाठी मेज मांडतात. काळं कापड, फोटो, मेणबत्त्या, गेलेल्याच्या आवडीचं जेवण, बाळांच्या आकाराचे पाव आणि आत्म्याला चढउतार करायला पावाचीच शिडी. भर दुपारी बाराला आत्मा येतो आणि दुसऱ्या दिवशी बाराला जातो. दाराला काळी फीत दिसली की कुणीही आत यावं, गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणावी, पाव आणि चिचा, म्हणजे मक्याची दारू, घेऊन जावं. जितकी माणसं जास्त तितका आत्मा पोटभर जेवतो. तिसऱ्या वर्षी कायमचा निरोप द्यायचा. त्यानंतर तो घरी येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी पोतोसीचा एक माणूस आरिकाहून बातमी घेऊन आला, कासिमिरोची बोट बुडाली, कुणी वाचलं नाही. त्याआधी अकरा वर्षं त्याची एक ओळ आली नव्हती, त्यामुळे विश्वास ठेवायला कठीण गेलं नाही. आईने आणि मी मेज मांडलं. एकोणीस वर्षांच्या पोराचा फोटो, कारण दुसरा नव्हताच. पहिल्या वर्षी एवढी माणसं आली की दोन वाजता पाव संपले. दुसऱ्या वर्षीही मांडलं. आणि मग मे महिन्यात वाल्पाराइसोहून त्याचं पत्र आलं. बोट बुडाली खरी, पण हा दोन महिने आधी बोट बदलून दुसरीकडे गेला होता. तब्येत ठीक. पुढच्या वर्षी नक्की येतो.

त्या नोव्हेंबरात आम्ही कासिमिरोचं तिसरं मेज मांडलं.

हो, पत्र आल्यावर. पत्र माझ्या कपाटात, हातरुमालांच्या खाली, आणि बैठकीत काळं कापड. गल्लीतले सगळे आले, रडले, पाव नेले, आणि आम्ही एका जिवंत माणसाला कायमचा निरोप दिला. चाळीस वर्षं मी फक्त खरं ते टंकत आले होते, साक्षीदाराच्या सहीशिवाय एक कागद पुढे सरकवला नाही. पण हे असं केलं, आणि का केलं ते कुणालाच सांगितलं नाही. पुढे त्याची आणखी दोन पत्रं आली. त्यांनाही उत्तर गेलं नाही. आई गेल्यावरच मी त्याला लिहिलं, की आई गेली, खोली रिकामी आहे. बोटीवरचा करार संपवून तो दीड वर्षाने उगवला.

गल्लीने त्याला जिवंत बघितलं तेव्हा एकही माणूस दचकला नाही. दॉन वाल्टर म्हणाले, "या या, प्रवास लांबचा झाला." सगळ्यांनी धरलं की बातमी खोटी निघाली, आम्हीही फसलो. आणि ज्याच्या मरणाचा पाव आपण तीन वर्षं खाल्ला त्याला ते तोंडावर कसं सांगायचं? आमच्या गावाला हे झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून साल्तेन्या, म्हणून कौतुक.

माझं म्हणाल तर मला एकच भीती होती. त्याला त्या तिसऱ्या मेजाचं कळलं तर तो ट्रंक उचलून चालता होईल. चालतं होणं त्याला जमतंच, तेवढी एक कला तो शिकलाय. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. तो घरात घोरतो, दार आपटतो, माझ्या सुपात मीठ घालतो आणि वर मलाच सुपाबद्दल शिकवतो. तरी शेवटची चार वर्षं आईचं सगळं अंथरुणात करून ती गेल्यावर जे रिकामं घर मला मिळालं होतं ते मला परत नको होतं. भाऊ बरा होता म्हणून नाही. होता म्हणून.

या नोव्हेंबरात आईचं तिसरं मेज होतं. आणि मेज म्हटलं की ताता अनाक्लेतो आले.

ताता अनाक्लेतो प्रार्थना सांगतात. रेकोलेताच्या चढावर राहतात, वय नव्वदीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि वर्षातून याच दोन दिवसांसाठी खाली गावात उतरतात. साप्ताहिक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, बातम्या तर नाहीच. पण चार गल्ल्यांतल्या प्रत्येक घरातल्या मेलेल्यांची नावं त्यांना ओळीने पाठ. आईची प्रार्थना सांगताना ते वडिलांचं नाव घेणार आणि मग कासिमिरोचं घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी मी तो चढ चढून गेले. गुडघे माझे, कोण विचारतो. त्यांना म्हटलं, ताता, आमच्या घराच्या नावांतून कासिमिरोचं नाव काढा, तो जिवंत आहे, परत आलाय. ते हो म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, तर पुन्हा हो म्हणाले आणि माझा हात थोपटला. मी निश्चिंत होऊन खाली आले. सुक्रेत जन्म गेला माझा, इथला हो कसा असतो ते मला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही, आणि तरी मी त्या होवर विसंबले. ऐकू न आलेला माणूससुद्धा आमच्याकडे हो म्हणतो, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. कासिमिरोने याच्यावर टिपण लिहिलं असतं तर मी सही केली असती.

कासिमिरो मेजाची तयारी चालू असताना माझ्या मागे मागे वही घेऊन हिंडत होता. त्याला रविवारसाठी मजकूर सापडला होता. बाळपावांना प्लास्टरचे रंगवलेले चेहरे लावतात, ते बघून म्हणाला की या गावात मेलेल्यांची तोंडं जिवंतांपेक्षा टवटवीत असतात. शिडी बघून विचारलं की आत्म्याला उडता येत नाही का. मी त्याला कांदे सोलायला बसवलं. ते त्याने अर्थातच सुरेख केलं.

पहिल्या तारखेला बाराच्या घंटेला मेणबत्त्या लागल्या. आईचा फोटो, तिच्या आवडीचं मोंदोंगो, म्हणजे डुकराचं लालभडक कालवण आणि खाली उकडलेला मका, चिचाचा घडा, पिवळी फुलं. माणसं येऊ लागली. आई सगळ्यांची लाडकी होती, बैठकीत उभं राहायला जागा उरली नाही. कासिमिरो सुरई घेऊन चिचा ओतत फिरत होता, खरं तर माणसांची वाक्यं गोळा करत फिरत होता. दीडच्या सुमाराला ताता अनाक्लेतोंना कुणीतरी हात धरून आणलं आणि मेजासमोर बसवलं.

त्यांनी आईसाठी प्रार्थना सांगितली. नीट, घाई न करता. सगळे आमेन म्हणाले. मग वडिलांसाठी. आमेन.

"आणि या घराचा मुलगा कासिमिरो," ताता म्हणाले, "ज्याला समुद्राने ठेवून घेतलं, त्याच्या आत्म्याला थंड पाणी आणि विसावा मिळो."

कासिमिरो त्या वेळी दॉन वाल्टरचा पेला भरत होता. दॉन वाल्टरनी त्याच्याकडे बघत आमेन म्हटलं, आणि मग चिचाबद्दल आभार मानले. बैठकीतली झाडून सगळी माणसं आमेन म्हणाली. प्रार्थनेत चूक काढायची नाही, एवढे संस्कार आमच्यावर आहेत. जिवंत माणूस समोर उभा असला तरी काढायची नाही.

कासिमिरो हसत सुटला. म्हणाला, "ताता, समुद्राने मला ठेवून नाही घेतलं. परत पाठवलं."

ताता त्या आवाजाकडे वळले. साठ-सत्तर वर्षं ते मेलेल्यांना हाका मारत आले होते. आज पहिल्यांदा एकाने ओ दिली होती. पण ते जराही गडबडले नाहीत. "कासिमिरो का? पोचलास ना नीट?" त्यांनी विचारलं. "बैस मग. जेवून घे. खूप लांबून आलास."

कुणी हसलं नाही. आणि इथेच गोष्ट संपली असती, कारण कासिमिरोला राग आलाच नव्हता. त्याला आनंद झाला होता. आपण मेलो होतो, आपल्यासाठी मेज मांडलं होतं, आणि गाव आठ महिने हे आपल्यापासून लपवत होतं, याहून चांगला मजकूर त्याला कुठल्या बंदरात मिळाला असता? तो वही काढून एकेकाला विचारू लागला. आणि एकदा तोंडावर बोललं गेलं म्हटल्यावर गल्लीचाही बांध फुटला. दोन्या निएवेस म्हणाल्या, तुमच्या बाळपावांत मी तिन्ही वर्षं दालचिनी घातली होती, तुम्ही लहानपणी मागायचात म्हणून. हा लिहून घेत होता. कुणी सांगितलं, तुमचा फोटो फार गोड होता. हा लिहून घेत होता. दॉन वाल्टर म्हणाले, तुमच्या तिसऱ्या मेजाचा दिवस मी विसरणार नाही, त्याच दिवशी ती मोठी गारपीट झाली आणि माझ्या दुकानाचं छप्पर गेलं.

कासिमिरोची पेन्सिल थांबली. ती गारपीट वर्तमानपत्रांत आली होती, तो तेव्हा चिलीच्या किनाऱ्यावर होता, त्याने वाचली होती. परत आल्यावर मला विचारलंही होतं, आपलं छप्पर टिकलं का म्हणून. वर्ष त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वही मिटली आणि खोलीच्या त्या टोकाकडून माझ्याकडे बघितलं. मी पाव बांधत होते. बांधतच राहिले.

माणसं चार वाजेपर्यंत होती. तो प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला गेला. शेवटच्या माणसामागे दार लावून तो मेजासमोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बसला नाही.

"माझं पत्र त्याच वर्षी मे महिन्यात टाकलं होतं मी," तो म्हणाला. "वाल्पाराइसोहून. पोचलं होतं का?"

"पोचलं होतं."

"आणि तरी तू नोव्हेंबरात मेज मांडलंस, तेओ."

मी हो म्हटलं. त्याने मग जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. की मी लहानपणापासून अशीच, त्याला गाव सोडायला मिळालं आणि मला मिळालं नाही म्हणून जळणारी. की गल्लीत सांत्वनं गोळा करायची चटक लागली होती मला. की एका कागदाच्या तुकड्याने म्हातारीला सुख झालं असतं आणि तेवढंही मी तिला दिलं नाही. मी ऐकत होते. खरंच सांगते, सात वर्षांपूर्वीच मी ठरवून ठेवलं होतं की हा दिवस आला तर सगळं माझ्या अंगावर घ्यायचं. मला तो जाईल याची भीती होती, पण तो तिच्यावर रागावून जाण्यापेक्षा माझ्यावर रागावून गेलेला बरा. जळकी बहीण म्हणून राहायला माझी ना नव्हती. मी ठरवलेलं पाळलंही असतं.

पण मग तो म्हणाला, "आईला कळलं असतं तर तिने हे कधीच होऊ दिलं नसतं. तिचा जीव होता माझ्यावर. तुला काय कळणार ते."

मला काय कळणार. चार वर्षं तिला कुशीवर वळवणारी मी, तिची नखं काढणारी मी. आणि दालचिनी मागणाऱ्या या पोराचं नाव ती जितक्यांदा घ्यायची तितक्यांदा ऐकणारीही मीच. माझा ताबा सुटला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"पत्र मी तिला त्याच दिवशी वाचून दाखवलं," मी म्हटलं. "दोनदा. तिने ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, ते ठेवून दे, कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, अगं आई, तो जिवंत आहे. तर म्हणाली, मेल्यापासून तो दर वर्षी घरी येतो, तेओ. जिवंत होता तेव्हा एकदा तरी आला का? यंदा एकदाच यायचा राहिलाय. तेवढा येऊ दे."

तो आईच्या फोटोकडे वळला.

"तुझ्या पत्राला उत्तर लिहायला गेले तर तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं," मी म्हटलं. थांबता येत नव्हतं मला. "म्हणाली, लिहिलंस तर तो पुढच्या वर्षी येतो म्हणून कळवेल. आणि मी परत दाराकडे बघत बसेन. या वयात मला ते जमणार नाही. तिसऱ्या मेजाची शिडी तिने स्वतः मळली. हात थरथरत होते, तरी मला शिवू दिली नाही. रात्रंदिवस खुर्चीपाशी बसून होती. तुझ्याशी बोलत."

"काय बोलत?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत. मला तिने खोलीतून बाहेर काढलं होतं."

तो आपल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने ट्रंक पलंगाखालून ओढल्याचा आवाज आला. मी भांडी घासली. भांडी भरपूर होती, हे एक बरं झालं.

सकाळी ट्रंक दाराशी उभी होती. तो दाढी करून, कोट घालून कॉफीला बसला आणि म्हणाला की एक वाजताची पोतोसीची गाडी आहे, पुढे आरिका. मी म्हटलं, बरं. निरोपापुरतं थांबशील ना, तिसऱ्या वर्षी कापड उचलायचा मान मुलाचा असतो. तो म्हणाला, थांबतो. एवढंच बोलणं झालं. त्याने चुलीवरच्या दुपारच्या सुपात मीठ घातलं नाही आणि त्या गोष्टीचं मला इतकं वाईट वाटलं की मीच उठून घातलं.

साडेअकराला माणसं जमली. सगळ्यांनी दाराशी ट्रंक बघितली आणि सगळे तिला वळसा घालून आत आले, जणू ती तिथे नेहमीच असते. कुणी विचारलं नाही. ताता अनाक्लेतो शेवटची प्रार्थना सांगू लागले. या वेळी त्यांनी कासिमिरोचं नाव घेतलं नाही. काल तो येऊन जेवून गेला, त्यांच्या हिशेबी त्याचं काम झालं होतं. सान फ्रान्सिस्को चर्चची बाराची घंटा सुरू झाली. ताता म्हणाले, "सोड आता तिला, बाळा." कासिमिरो पुढे झाला आणि त्याने काळ्या कापडाचा कोपरा हातात धरला.

रीत अशी आहे की शेवटच्या ठोक्याला कापड उचलायचं. मेणबत्त्या विझवायच्या, पाव वाटायचे, आणि झालं. शेवटचा ठोका पडला. त्याने कापड उचललं नाही.

त्याने कोपरा सोडला, मेजासमोरची खुर्ची मागे ओढली आणि तिच्यात बसला. आईच्या फोटोच्या अगदी समोर, कोट तसाच. जगातल्या सगळ्या बंदरांबद्दल ज्याच्याकडे मत होतं त्या माणसाला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "मी आलोय."

मग तो तिला सांगत बसला. काय सांगत होता ते मला नीट ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. ताता अनाक्लेतो हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. दॉन वाल्टर उभेच राहिले, दोन्या निएवेसनी पावांची टोपली खाली ठेवली. जेवणाची वेळ टळली, झोपेची वेळ झाली. मेणबत्त्या संपत आल्या तेव्हा कुणीतरी नव्या लावल्या. एकची गाडी केव्हाच गेली. कापड मेजावरच होतं आणि आईला कुणी अजून सोडलेलं नव्हतं. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, कुणी खाकरलं नाही, त्याला घाई कुणीच केली नाही. एवढं एक या गावाला जमतं.